न तपासलेली बिलं: बुश, मुशर्रफ आणि दहशतवादाशी लढाई

जून 2008 मध्ये अमेरिकेच्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेनं, एक अहवाल सादर केला. विषय रुक्ष होता. दहशतवादाविरुद्धच्या लढाईचा खर्च म्हणून पाकिस्ताननं पाठवलेली बिलं पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यानं, कशी चुकती केली, याची ती तपासणी होती. त्या बिलांत पाकिस्तानी नौदलाच्या प्रवासी गाड्या होत्या. गाड्या वीसहून कमी, आणि खर्च दर गाडीमागे महिन्याला सरासरी 19,000 डॉलरच्या वर. रस्ते बांधल्याचे 3 कोटी डॉलर होते, बंकर बांधल्याचे दीड कोटी. ते रस्ते आणि बंकर प्रत्यक्षात उभे राहिल्याचा पुरावा मात्र फायलीत नव्हता. हवाई संरक्षणाच्या रडारपोटी 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम पुरेशा तपशिलाशिवाय दिली गेली होती. वझिरीस्तानच्या डोंगरांत लपलेल्या अल्-कायदाकडे विमानं नव्हती, हे कळायला लेखापरीक्षक लागत नाही.

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या परराष्ट्र धोरणावर टीका म्हटली की इराक, ग्वांतानामो आणि कधीच न सापडलेली महासंहारक अस्त्रं हे ठरलेले मुद्दे येतात. ते रास्तच आहेत. पण दहशतवादाशी लढण्याची त्यांची पद्धत नेमकी कुठे बिघडली हे पाहायचं, तर बगदादपेक्षा इस्लामाबादचा हिशेब उघडावा लागतो. आपल्याकडे तो फारसा उघडला जात नाही, कारण बुश यांच्याबद्दल भारतात एक हळवा कोपरा आहे. अणुकरार त्यांनी रेटला. 25 सप्टेंबर 2008 रोजी व्हाइट हाऊसमध्ये मनमोहन सिंग त्यांना म्हणाले, भारताची जनता तुमच्यावर मनापासून प्रेम करते. दोन महिन्यांनी कराचीहून निघालेली दहा माणसं मुंबईच्या किनाऱ्याला लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हा प्रश्न विचारणं शिष्टाचाराला धरून नसेल, पण टाळण्यासारखा तो नाही.

बुश पाकिस्तानशी फार मऊ वागले, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. त्यांची खरी चूक पैसे कशाचे द्यायचे हे ठरवण्यात झाली, आणि कुठल्या दहशतवाद्यांचा हिशेब मागायचाच नाही हे मनोमन ठरवण्यात झाली. या दोन चुका एकमेकींना धरून होत्या.

सप्टेंबर 2001 मध्ये पाकिस्तानवर अमेरिकी निर्बंधांचे तीन थर होते. अणुकार्यक्रमामुळे 1990 साली प्रेसलर दुरुस्तीखाली मदत थांबली होती, 1998 च्या अणुचाचण्यांनंतर आणखी निर्बंध आले, आणि ऑक्टोबर 1999 मध्ये लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ यांनी नवाझ शरीफ यांचं सरकार उलथवल्यावर लष्करी बंडाबद्दलचे तिसरे. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी अणुकार्यक्रमाबद्दलचे निर्बंध उठवले गेले. (त्याच कागदावर भारतावरचेही उठले, हे आपण सोयीनं विसरतो.) बंडाबद्दलचे निर्बंध बाजूला सारण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर ऑक्टोबरअखेर बुश यांची सही झाली. जून 2003 मध्ये कॅम्प डेव्हिडला मुशर्रफ यांना पाच वर्षांत 3 अब्ज डॉलर देण्याचं जाहीर झालं, निम्मे लष्करी, निम्मे आर्थिक. फेब्रुवारी 2004 मध्ये पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांनी टीव्हीवर येऊन अणुतंत्रज्ञान विकल्याची कबुली दिली, दुसऱ्याच दिवशी मुशर्रफ यांनी त्यांना माफ केलं, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना खान यांची थेट चौकशी कधीच करू दिली गेली नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बुश यांनी पाकिस्तानला ‘नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश’ हा दर्जा दिला. जगातल्या सर्वांत धोकादायक अणुतस्करीचा छडा लागल्यावर चार महिन्यांत बढती!

पण सगळ्यांत मोठा ओघ या जाहीर मदतीतून वाहिला नाही. तो वाहिला ‘कोअलिशन सपोर्ट फंड’ नावाच्या खात्यातून. कल्पना साधी होती. अमेरिकेच्या युद्धाला मदत करताना मित्रदेशाला जो जादा खर्च येईल, तो त्यानं आधी करावा, बिल पाठवावं आणि पेंटागॉननं तो भरून द्यावा. 27 देशांना या खात्यातून पैसे मिळाले. मे 2008 पर्यंत त्यातला 81 टक्के वाटा, सुमारे 5.6 अब्ज डॉलर, एकट्या पाकिस्तानला गेला होता.

या बिलाचा प्रवास समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाकिस्तानचं लष्कर, नौदल आणि हवाई दल आपापले महिन्याचे आकडे काढत: किती तुकड्या तैनात, किती शिधा, किती इंधन, किती उड्डाणं, किती दारूगोळा. ते एकत्र होऊन इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासातल्या संरक्षण प्रतिनिधी कार्यालयात येत. तिथून ते फ्लोरिडातल्या सेंट्रल कमांडकडे, म्हणजे या टापूतलं युद्ध चालवणाऱ्या अमेरिकी लष्करी मुख्यालयाकडे, जात. तिनं खातरजमा करायची की हे काम खरंच झालं आणि ते अमेरिकी मोहिमेच्या उपयोगाचं होतं. मग पेंटागॉनच्या कंप्ट्रोलरनं, म्हणजे हिशेबप्रमुखानं, रक्कम वाजवी आहे का ते पाहायचं. परराष्ट्र खात्याची संमती, व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाशी सल्लामसलत, काँग्रेसला 15 दिवसांची पूर्वसूचना, आणि मग पैसे. कागदावर चाळण्या भरपूर होत्या.

नियमही चांगले होते. खर्च जादा असला पाहिजे, म्हणजे युद्ध नसतं तर झालाच नसता असा. तो प्रत्यक्ष कामावर आधारलेला हवा. आणि कागदपत्रं अशी हवीत की तिऱ्हाईत माणसानं बसून हिशेब पुन्हा केला तर तोच आकडा यावा. यातली शेवटची अट महत्त्वाची, आणि तीच सर्वांत आधी मोडली. जानेवारी 2004 ते जून 2007 या काळातल्या 2 अब्ज डॉलरहून जास्त बिलांची कागदपत्रं अशी होती की तिऱ्हाइताला हिशेब पुन्हा मांडताच आला नसता. रुपयातला खर्च डॉलरमध्ये कुठल्या दरानं बदलला, हेही नीट नोंदलेलं नव्हतं. एकच खर्च दोन शीर्षांखाली लागला असण्याची शक्यता लेखापरीक्षकांनी दाखवून दिली.

असं का झालं, याचं उत्तर भ्रष्टाचार एवढ्या एका शब्दात संपवणं आळशीपणाचं आहे. इस्लामाबादमधल्या त्या कार्यालयाचं मूळ काम पाकिस्तानी लष्कराशी संबंध वाढवणं हे होतं, बिलं तपासणं नव्हे. तिथल्या अधिकाऱ्यांना पडताळणी कशी करायची याची औपचारिक सूचनाच नव्हती. शिवाय काम झालं का हे पाहायला अफगाण सरहद्दीवरच्या आदिवासी टापूत जायला हवं, आणि तिथे त्यांना मोकळेपणानं फिरू देणार कोण? ‘जादा’ खर्च ठरवायचा तर आधी नेहमीचा खर्च माहीत हवा. पाकिस्तानचा संरक्षण अर्थसंकल्प त्या काळात त्यांच्याच संसदेसमोर एका ओळीत मांडला जाई, मग अमेरिकी मेजरला तो कुठून कळणार? सेंट्रल कमांडला अफगाणिस्तानात पाठवायचा माल कराचीवाटे न्यायचा होता, त्यामुळे बिलावर हरकत घेऊन त्या सेनाधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेण्यात तिला रस नव्हता. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला वाटत होतं की पुढच्या टेबलावर तपासणी होईल.

आणि तपासणी सुरू होताच काय झालं तेही पाहा. जानेवारी 2004 ते ऑगस्ट 2006 या काळातल्या बिलांपैकी जेमतेम 2 टक्के रक्कम नाकारली किंवा रोखली गेली होती. इस्लामाबादच्या कार्यालयानं पडताळणीत लक्ष घातल्यावर पुढच्या सहा महिन्यांच्या बिलांत हे प्रमाण सुमारे 6 टक्के झालं. मार्च ते जून 2007 च्या बिलांत ते 22 टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात पाकिस्तानी लष्कर एकाएकी अप्रामाणिक झालं नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदाच चष्मा लावला होता.

चुकते केलेले पैसे लढणाऱ्यापर्यंत पोचत होते का? हेलिकॉप्टरांचं उदाहरण घ्या. डोंगराळ सरहद्दीवर हेलिकॉप्टर उडालं नाही तर लढाईच होत नाही. जुलै 2007 ते फेब्रुवारी 2008 या काळात हेलिकॉप्टरांच्या देखभालीपोटी अमेरिकेनं 5.5 कोटी डॉलर भरून दिले. नंतर कळलं की लष्कराच्या हाती त्यातले 2.5 कोटीच आले होते. बाकीचे देशाच्या तिजोरीत विरले. यात नियमभंगही नव्हता, कारण भरपाई सरकारला मिळते, पलटणीला नाही. एकदा पैसा तिजोरीत गेला की तो कुठल्या नळातून बाहेर येईल हे सांगता येत नाही. सरहद्दीवरचे फ्रंटियर कोअर या निमलष्करी दलाचे जवान जुनाट साधनांनिशी लढत राहिले, आणि त्याच वर्षांत 18 नव्या एफ-16 विमानांचा करार झाला. पी-3सी ओरायन ही सागरी टेहळणी विमानंही पाकिस्तानला दिली गेली. अल्-कायदाकडे आरमारही नव्हतं. पुढे मे 2011 मध्ये कराचीच्या मेहरान नौदल तळावर घुसलेल्या अतिरेक्यांनी त्यातलीच दोन ओरायन जाळून टाकली.

आता मूळ दोषाकडे. ही सगळी व्यवस्था श्रमाचे पैसे देत होती, निकालाचे नाही. बांधकामावर गेलेल्या कुणालाही रोजंदारी आणि उक्तं काम यातला फरक माहीत असतो. रोजंदारीवरचा माणूस कामचुकार असतोच असं नाही, पण काम लवकर संपवण्यात त्याचा फायदा नसतो. पाकिस्तानी लष्कर या युद्धात रोजंदारीवर होतं. तुकड्या तैनात ठेवल्या की पैसे. अतिरेकी मारले, पकडले, हाकलले, की नुसते ताटकळत ठेवले, याचा बिलाच्या रकमेशी संबंध नव्हता. सरहद्द शांत झाली असती तर ओघ आटला असता, आणि पूर्ण पेटली असती तर खुर्ची गेली असती. मंद आचेवर युद्ध शिजत ठेवणं हेच सर्वांत परवडणारं होतं. मुशर्रफ यांना त्यासाठी कपटी असण्याचीही गरज नव्हती, नुसतं व्यवहारी असणं पुरेसं होतं.

5 सप्टेंबर 2006 ला मिरानशाहमध्ये उत्तर वझिरीस्तानचा करार झाला. लष्करानं बराकींत परतायचं, नाकी उठवायची, कैदी सोडायचे, जप्त शस्त्रं परत करायची, नुकसानभरपाई द्यायची. बदल्यात अतिरेक्यांनी सरहद्द ओलांडून हल्ले करणार नाही असं वचन द्यायचं, आणि परदेशी लढवय्यांनी निघून जायचं किंवा शांतपणे राहायचं. अडीच आठवड्यांनी मुशर्रफ वॉशिंग्टनला गेले. बुश यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की मुशर्रफ माझ्या डोळ्यांत पाहून तालिबान आणि अल्-कायदा राहणार नाहीत असं म्हणतात, तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. तोपर्यंत पूर्व अफगाणिस्तानात सरहद्दीपलीकडून होणारे हल्ले दुपटी-तिपटीनं वाढल्याचं खुद्द अमेरिकी सेनाधिकारी सांगू लागले होते. आणि बिलं? ती थांबली नाहीत. तहाच्या महिन्यांतही, गस्ती बंद असताना, सरासरी 8 कोटी डॉलर दरमहा जात राहिले. लढाई थांबवण्याचा करार झाल्यावरही लढाईची भरपाई चालू राहते, यापेक्षा त्या धोरणाचं अधिक नेमकं वर्णन कुठल्याही टीकाकाराला करता येणार नाही.

जुलै 2007 मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थांनी मिळून काढलेल्या अहवालात कबूल केलं गेलं की अल्-कायदानं आदिवासी टापूत सुरक्षित आश्रय मिळवला आहे आणि अमेरिकेवर हल्ला करण्याची क्षमता पुन्हा उभी केली आहे. सहा वर्षं आणि अब्जावधी डॉलर खर्चून हा निकाल. एप्रिल 2008 च्या आणखी एका लेखापरीक्षण अहवालानं त्याचं कारणही दाखवलं. 2002 पासून दिलेल्या सुमारे 10.5 अब्ज डॉलरपैकी 5.8 अब्ज या टापूसाठी होते, आणि त्यातले 96 टक्के लष्करी भरपाईत गेले होते. सीमासुरक्षेला 3 टक्के, विकासाला 1 टक्का. ज्या भागात 1901 चा ब्रिटिश फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन अजून लागू होता, म्हणजे एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या टोळीला शिक्षा होई, तिथे शाळा, कोर्ट आणि रस्ते यांच्या वाट्याला शंभरातला एक डॉलर आला.

दुसरी चूक यादीची. बुश यांच्या बाजूनं बोलणारे एक मुद्दा हमखास मांडतात आणि तो खरा आहे: अल्-कायदाचे जितके बडे लोक पाकिस्तानात पकडले गेले तितके जगात कुठेही नाहीत. अबू झुबैदा मार्च 2002 मध्ये फैसलाबादला, रामझी बिन अल्-शिभ सप्टेंबर 2002 मध्ये कराचीला, खालिद शेख मोहम्मद 1 मार्च 2003 ला रावळपिंडीला, अबू फरज अल्-लिब्बी मे 2005 मध्ये मर्दानला. यातल्या अनेकांवर इनामं होती. सीआयएकडून इनामापोटी लाखो डॉलर मिळाल्याचं मुशर्रफ यांनी पुढे स्वतःच लिहिलं. म्हणजे जिथे निकालाचे पैसे होते, तिथे निकाल मिळाला!

पण ती नावं पुन्हा वाचा. सगळे अल्-कायदाचे लोक, पाकिस्तानच्या लष्कराला ज्यांचा उपयोग नव्हता असे. अफगाण तालिबानचं नेतृत्व क्वेट्ट्यात बसलं होतं आणि त्याला बराच काळ धक्का लागला नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी इस्लामाबादला गेले त्याच सुमारास तालिबानचा माजी संरक्षणमंत्री मुल्ला ओबैदुल्ला सापडला. योगायोगांना मुहूर्त फार चांगला कळतो. आणि लष्कर-ए-तोयबा, जैश-ए-मोहम्मद यांचा तर रकानाच वेगळा. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेनं लष्कर-ए-तोयबाला (पुढे नुसतं ‘लष्कर’) परकीय दहशतवादी संघटना ठरवलं. 12 जानेवारी 2002 च्या भाषणात मुशर्रफ यांनी बंदी जाहीर केली, कारण संसदेवरच्या हल्ल्यानंतर भारतीय फौजा सीमेवर उभ्या होत्या. संघटनेनं जमात-उद-दावा या नावानं पाटी बदलली, हाफिज सईद काही महिन्यांत बाहेर आला आणि संघटनेचं मुरिदकेचं आवार चालू राहिलं. वॉशिंग्टनच्या लेखी हा भारत-पाकिस्तानचा आपसातला मामला होता.

लष्कर-ए-तोयबा फक्त काश्मीरपुरती आहे, हा समज अज्ञानातून आला असता तर समजून घेता आलं असतं. पण बुश यांच्याच न्याय खात्यानं जून 2003 मध्ये व्हर्जिनियात 11 तरुणांवर आरोपपत्र ठेवलं, आणि त्यातल्या काहींनी लष्करच्या तळांवर प्रशिक्षण घेतल्याचं त्यात म्हटलं होतं. त्यातल्या अनेकांनी गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात विली ब्रिजित हा फ्रेंच नागरिक पकडला गेला. त्यानंही लष्करच्या तळावर प्रशिक्षण घेतलं होतं, आणि तिथे त्याला हाताळणारा साजिद मीर होता. पुढे 2008 मध्ये मुंबईतल्या हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्यांत हाच साजिद मीर होता. पॅरिसच्या न्यायालयानं 2007 मध्येच त्याला गैरहजेरीत दोषी ठरवलं होतं. म्हणजे वॉशिंग्टनकडे, कॅनबेराकडे आणि पॅरिसकडे मिळून पुरेसा मजकूर होता.

मग डेव्हिड हेडली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेला, नंतर अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झालेला हा माणूस 2002 च्या सुरुवातीपासून लष्करच्या तळांवर जात होता. 2005 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या एका पत्नीनं तो लष्करसाठी काम करतो असं तपासयंत्रणांना सांगितलं. 2007-08 मध्ये दुसऱ्या पत्नीनं इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन तेच सांगितलं. दरम्यान 2006 मध्ये त्यानं दाऊद गिलानी हे नाव बदललं, ‘मेजर इक्बाल’ नावाच्या माणसाकडून 25,000 डॉलर घेतले, मुंबईत इमिग्रेशन कंपनीचं कार्यालय थाटलं आणि पाच फेऱ्यांत ताज, ओबेरॉय, सीएसटी, नरिमन हाऊस आणि बोटीनं उतरायच्या जागा यांची टेहळणी केली. हे सगळं अमेरिकी न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. कुठल्याही एका तक्रारीवरून त्याला अडवणं शक्य होतं का, यावर वाद घालता येईल. पण तक्रारीत लष्करऐवजी अल्-कायदाचं नाव असतं, तर ती फाईल इतकी सहज बंद झाली असती का? कोणत्या संघटनेचं नाव ऐकून अधिकारी खुर्चीतून उठतो, हे वरून आलेल्या धोरणानंच ठरतं.

166 माणसं मेली, त्यांत 6 अमेरिकीही होते. हे सगळं बुश यांच्या खात्यावर टाकणं अर्थातच अन्यायाचं आहे. समुद्रमार्गे हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो अशी सूचना 2008 मध्ये अमेरिकेकडूनच भारताला आली होती. किनारी गस्तीच्या बोटी, पोलिसांची बुलेटप्रूफ जाकिटं, मानेसरहून कमांडो पोचायला लागलेला वेळ, यांची उत्तरं मुंबईनं आणि दिल्लीनंच द्यायची. हल्ला रोखता न येणं हा आपला दोष. हल्ला करणाऱ्यांचं आवार सात वर्षं बिनघोर चालू राहणं हा निदान अर्धा वॉशिंग्टनचा.

समर्थकांचा खरा बालेकिल्ला मात्र वेगळा आहे: पर्याय काय होता? अफगाणिस्तानला समुद्र नाही. अमेरिकी फौजेचा सुमारे तीन चतुर्थांश माल पाकिस्तानातून किंवा त्याच्या हद्दीवरून जाई. जमिनीवरचा माल कराची बंदरातून तोरखम आणि चमनच्या नाक्यांवरून पोचे. इराणचा मार्ग राजकारणानं बंद. उझबेकिस्ताननं 2005 मध्ये करशी-खानाबादचा अमेरिकी तळ रिकामा करून घेतला. शिवाय पाकिस्तान अण्वस्त्रधारी, कोसळलं तर काय? हे युक्तिवाद पोकळ नाहीत.

पण त्यांची परीक्षा पुढे प्रत्यक्ष झाली. नोव्हेंबर 2011 मध्ये सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात 24 पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्ताननं रस्ते बंद केले. ते सात महिने बंद राहिले. अफगाणिस्तानात तेव्हा बुश यांच्या काळाहून कितीतरी जास्त अमेरिकी फौज होती, तरी ती उपाशी मेली नाही. 2009 पासून रशिया आणि मध्य आशियातून उभारलेल्या उत्तरेच्या मार्गानं माल आला, महिन्याला सुमारे 10 कोटी डॉलर जादा पडले, इतकंच. म्हणजे कराचीच्या रस्त्याची किंमत मोजता येण्यासारखी होती, आणि ती मुशर्रफ यांना दिलेल्या मुभेइतकी मुळीच नव्हती. उत्तरेचा मार्ग 2003 मध्ये उभारायला घेतला असता तर? पण 2003 मध्ये लक्ष इराककडे होतं. 2006 अखेर इराकमध्ये सुमारे 1,40,000 अमेरिकी सैनिक होते, अफगाणिस्तानात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके. हाती सैन्य नसलं की दुसऱ्याचं भाड्यानं घ्यावं लागतं, आणि घाईत घेतलेल्या माणसाशी भावात घासाघीस करता येत नाही. इराकचा आणि या बिलांचा संबंध इथे आहे.

अटी घातल्या असत्या तर पाकिस्ताननं काही केलं असतं का? याचं उत्तर अंदाजावर सोडायची गरज नाही. दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्यासाठीच्या फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेनं जून 2018 मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं आणि 27 मुद्द्यांचा कार्यक्रम हातात ठेवला. प्रत्येक मुद्दा तपासण्याजोगा, प्रत्येकाला मुदत, आणि ठरावीक महिन्यांनी आढावा. त्या दडपणाखाली जुलै 2019 मध्ये हाफिज सईदला अटक झाली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा झाली. जो साजिद मीर मेला असं सांगितलं जात होतं, तो 2022 मध्ये जिवंत निघाला आणि त्यालाही शिक्षा झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये पाकिस्तान यादीतून सुटलं. या शिक्षा मुंबईतल्या खुनांसाठी नव्हत्या, पैशांच्या गुन्ह्यांसाठी होत्या, आणि दडपण सरल्यावर त्यांचं पुढे काय होतं याकडे डोळे लावून बसावं लागतं. तरीही डोळ्यांत पाहून मिळालेल्या वचनांनी सात वर्षांत जे झालं नाही, ते मुदती लावलेल्या यादीनं चार वर्षांत झालं. एकही डॉलर न देता.

अमेरिकेनंही हा धडा उशिरा का होईना घेतला होता. बिलांमधले 30 कोटी डॉलर अफगाण तालिबानच्या साथीदार हक्कानी नेटवर्कविरुद्धच्या कारवाईशी कायद्यानं जोडले गेले, आणि 2016 मध्ये संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी ‘पुरेशी कारवाई झाली’ असं प्रमाणपत्र द्यायला नकार दिल्यावर ते अडकले. 2018 मध्ये ट्रम्प यांनी उरलेला ओघही थांबवला. मात्र एखाद्या अध्यक्षाला शिकवलेला धडा पुढच्याच काय, त्याच अध्यक्षाच्या दुसऱ्या कारकिर्दीतही टिकतो असं नाही. 4 मार्च 2025 च्या काँग्रेससमोरच्या भाषणात ट्रम्प यांनी पाकिस्तानचे जाहीर आभार मानले, कारण काबूल विमानतळावर 2021 मध्ये 13 अमेरिकी सैनिकांचा बळी घेणाऱ्या स्फोटातला एक संशयित पाकिस्ताननं पकडून दिला होता. सात आठवड्यांनी पहलगाममध्ये 26 जण मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा. जूनमध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर व्हाइट हाऊसमध्ये जेवायला होते. जुलैमध्ये अमेरिकेनं लष्करचा मुखवटा असलेल्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना ठरवलं.

पकडून दिलेला तो संशयित इस्लामिक स्टेटच्या खोरासान शाखेचा, म्हणजे खुद्द पाकिस्तानातही स्फोट घडवणाऱ्या गटाचा होता. लष्कर किंवा जैशचा एकही म्होरक्या पाकिस्ताननं 2001 पासून अमेरिकेच्या हवाली केलेला नाही. दिल्लीनं वॉशिंग्टनकडे निषेधाचं पुढचं निवेदन मागण्यापेक्षा या दुसऱ्या रकान्यातली नावं, प्रत्येक नावापुढे तारीख आणि ती चुकली तर काय थांबणार, एवढं लेखी मागावं.